डोव्हरपासून मुंबईपर्यंत : ब्रिटनच्या वेशीचा प्रवास

१/
मुंबईहून पंधरा दिवसांच्या सहलीसाठी लंडनला जाऊ इच्छिणाऱ्याला आज आधी अर्ज भरावा लागतो. मग शुल्क, बँकेचे विवरण, नोकरीचे किंवा महाविद्यालयाचे पत्र, आपण परत येणार याचा पुरावा, छायाचित्र आणि दहा बोटांचे ठसे. १८५५ मध्ये दादाभाई नौरोजी कामा आणि कंपनीच्या व्यापारासाठी मुंबईहून इंग्लंडला गेले, तेव्हा यांतील एकही अट अस्तित्वात नव्हती. या अटी कधी आल्या, कोणत्या प्रसंगी आल्या आणि कोणासाठी आल्या, याचा हा धागा.

२/
आरंभी एक शब्द समजून घेऊ. ‘व्हिसा’ हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा अर्थ ‘पाहिलेला’ असा आहे. पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, हे आपल्या सरकारने दिलेले ओळखपत्र. परक्या सरकारच्या अधिकाऱ्याने ते पाहून त्यावर उमटवलेला संमतीचा शेरा म्हणजे व्हिसा. पुढील दोन शतकांच्या कथेत एकच प्रश्न ध्यानात ठेवायचा आहे : हा कागद कुठे पाहिला जातो? बंदरावर, की प्रवाशाच्या स्वतःच्या गावात?

३/
ब्रिटनमध्ये परकीयांच्या प्रवेशावर नियंत्रण आणणारा पहिला महत्त्वाचा आधुनिक कायदा १७९३ चा. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर हजारो निर्वासित इंग्लिश खाडी ओलांडून येत होते आणि त्यांच्यासोबत क्रांतीचे हस्तकही येतील, अशी सरकारला धास्ती होती. जहाजाच्या कप्तानाने परकीय प्रवाशांची यादी द्यावी, प्रवाशांनी बंदरावर नाव नोंदवावे आणि देशात आत जाण्यासाठी परवाना घ्यावा, असे ठरले. कायदा तात्पुरता म्हणून आला होता. युद्ध संपल्यावर तो सैल होत गेला आणि १८३६ पर्यंत त्यातून केवळ नोंदणीची औपचारिकता उरली.

४/
त्यानंतरचा काळ आजच्या वाचकाला अविश्वसनीय वाटेल. १८४८ मध्ये युरोपभर क्रांत्या झाल्या. व्हिएन्नातून पळालेला ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख लंडनला आला. फ्रान्सचा पदच्युत राजा लुई फिलिप इंग्लंडला आला. पुढल्याच वर्षी कार्ल मार्क्सही आला. इटलीचा मॅझिनी आधीच तेथे राहत होता. राजे आणि राजसत्ता उलथवू पाहणारे, दोघेही एकाच शहरात आश्रयाला होते आणि त्यांपैकी कोणालाही व्हिसा काढावा लागला नव्हता. १८४८ मध्ये परकीयांना हद्दपार करण्याचा अधिकार सरकारने कायद्याने घेतला खरा, परंतु तो वापरला गेला नाही.

५/
या मोकळेपणाचा ब्रिटिश जनतेला अभिमान होता. जानेवारी १८५८ मध्ये ओर्सिनी या इटालियन क्रांतिकारकाने पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनवर बाँब टाकले. बाँब इंग्लंडमध्ये तयार झाले होते आणि ओर्सिनी एका इंग्रजाच्या पारपत्रावर प्रवास करत होता. फ्रान्सच्या संतापाला उत्तर म्हणून पंतप्रधान पामर्स्टन यांनी कटवाल्यांविरुद्ध कडक विधेयक आणले. परकीय दडपणाखाली कायदा केला जातो आहे, अशी ओरड झाली, विधेयक पडले आणि पामर्स्टन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर ब्रिटिश पारपत्र केवळ ब्रिटिश प्रजाजनांनाच मिळू लागले, परंतु देशाची वेस उघडीच राहिली.

६/
ही वेस बंद व्हायला सुरुवात झाली ती गरिबांसाठी. १८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या. हजारो ज्यू कुटुंबे लंडनच्या ईस्ट एंडमध्ये येऊन शिवणकामाच्या कोंदट कारखान्यांत राबू लागली. घरभाडे वाढले, मजुरी घटली, असा स्थानिकांचा आरोप होता. त्यावर राजकीय चळवळ उभी राहिली. शाही आयोग नेमला गेला आणि बाल्फोर सरकारने १९०५ चा परकीय प्रवेश कायदा संमत करून घेतला. १ जानेवारी १९०६ पासून तो अमलात आला.

७/
या कायद्याची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. ज्या जहाजावर स्वस्त वर्गातून प्रवास करणारे वीसहून अधिक परकीय असतील, त्याच जहाजाची तपासणी होई. केबिनचे तिकीट काढलेल्याला कोणी काही विचारत नसे. उदरनिर्वाहाचे साधन नसलेला, मनोरुग्ण, रोगी किंवा गुन्हेगार ‘अनिष्ट’ ठरे. ‘तुमच्याकडे पुरेसे पैसे आहेत का?’ हा आजच्या व्हिसा अर्जातील प्रश्न येथे प्रथम ठळकपणे दिसतो. बँकेच्या विवरणाचा हा पूर्वज.

८/
तरीही या कायद्यात दोन गोष्टी होत्या, ज्या पुढे दुर्मीळ होत गेल्या. धार्मिक वा राजकीय कारणांवरून होणाऱ्या खटल्यातून वा शिक्षेतून सुटण्यासाठी आलेल्या माणसाला केवळ गरिबीमुळे परत पाठवायचे नाही, असे कलम होते. शिवाय नकार मिळालेल्या प्रवाशाला बंदरावरील मंडळाकडे दाद मागता येत असे. म्हणजे अधिकारी, मंडळ आणि प्रवासी हे तिघेही ब्रिटनच्या किनाऱ्यावरच समोरासमोर असत. प्रवासी निदान वेशीपर्यंत पोहोचलेला असे.

९/
मग आले पहिले महायुद्ध. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन युद्धात उतरले आणि दुसऱ्याच दिवशी संसदेने परकीयांवर निर्बंध घालणारा कायदा एका दिवसात संमत केला. पारपत्रावर छायाचित्र आले. युरोपभर हेच घडले. युद्ध संपल्यावर सारे पूर्ववत होईल, अशी अनेकांची समजूत होती. ती खोटी ठरली. १९१९ मध्ये कायद्याला मुदतवाढ मिळाली आणि १९२० च्या आदेशाने परकीयांसाठी पारपत्र, कामाचा परवाना आणि पोलिसांकडील नोंदणी रूढ झाली. याच १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि बत्तीस पानी पारपत्राचा एकसारखा नमुना ठरला.

१०/
येथे भारतीयांची कथा वेगळे वळण घेते. कायद्याच्या दृष्टीने भारतीय हे परकीय नव्हते, ते ब्रिटिश सम्राटाचे प्रजाजन होते. त्यामुळे १९०५ किंवा १९१४ चा कायदा त्यांना लागू नव्हता. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, दादाभाई १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून संसदेवर निवडून आले. लंडनची वेस भारतीयांना कायद्याने उघडी होती. मग साम्राज्याने आपल्याला नको असलेल्या भारतीयाला अडवले कसे? निघण्याच्या दारात.

११/
याचे ठळक उदाहरण लोकमान्य टिळकांचे. महायुद्धाच्या काळात भारताबाहेर जाण्यासाठी पारपत्र लागू लागले होते. १९१८ च्या वसंतात टिळक होमरूलच्या शिष्टमंडळासह इंग्लंडला निघाले आणि कोलंबोपर्यंत पोहोचले. तेथे त्यांना कळले की लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने त्यांची पारपत्रे रद्द केली आहेत. इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्यांना अडवण्याचा अधिकार शोधावा लागला असता. कोलंबोत एक आदेश पुरेसा झाला.

१२/
त्याच वर्षी पुढे टिळकांना पारपत्र मिळाले, ते ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकाचा लेखक व्हॅलेंटाइन चिरोल याच्याविरुद्ध त्यांनी केलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी. सोबत अट होती की तेथे राजकीय चळवळ करायची नाही. ती अट नंतर उठली. कागद देताना त्यावर वर्तनाची अट घालता येते, हे साम्राज्याच्या ध्यानात आले होते. आज व्हिसावर ‘काम करण्यास मनाई’ असा शेरा असतो, त्याची जातकुळी हीच.

१३/
ज्यांच्याकडे कागदच नव्हता, त्यांचे काय झाले? ब्रिटिश जहाजांवर कोकण, सिल्हेट, पंजाब, एडन, सोमालीलँड येथील खलाशी हजारोंच्या संख्येने काम करत. १९२५ मध्ये ‘कृष्णवर्णीय परकीय खलाशां’साठी एक विशेष आदेश निघाला. नावाप्रमाणे तो परकीयांसाठी होता. परंतु आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत, हे कागदाने सिद्ध करण्याची जबाबदारी खलाशावर आली. कार्डिफसारख्या बंदरांत असे अनेक भारतीय खलाशी, ज्यांच्यापाशी पारपत्र नव्हते, ते आपल्याच साम्राज्यात ‘परकीय’ म्हणून नोंदले गेले. हक्क होता, पुरावा नव्हता. व्यवहारात हक्क गेला.

१४/
आता १९३८. ब्रिटनने १९२७ मध्ये जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांसाठी व्हिसाची अट काढून टाकली होती. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, व्हिएन्नातील ज्यूंवर अत्याचार सुरू झाले आणि मे महिन्यात ब्रिटनने व्हिसाची अट पुन्हा लागू केली. हेतू स्पष्ट होता. किनाऱ्यावर आलेल्या निर्वासिताला परत पाठवणे लोकांच्या डोळ्यांवर येते, तो निघण्यापूर्वीच निवड झाली तर तो डोळ्यांसमोर येतच नाही. वेस डोव्हरवरून बर्लिन आणि व्हिएन्नातील कचेऱ्यांत गेली आणि त्या कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या.

१५/
कागदाची किंमत काय असते, हे या रांगांनी दाखवले. बर्लिनमधील ब्रिटिश पारपत्र नियंत्रण अधिकारी फ्रँक फोली याने नियम वाकवून हजारो ज्यूंना व्हिसा दिले. तो प्रत्यक्षात ब्रिटिश गुप्तहेर होता. १९९९ मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा मरणोत्तर सन्मान केला. डिसेंबर १९३८ पासून महायुद्ध पेटेपर्यंत सुमारे दहा हजार मुलांना ब्रिटनने व्हिसाच्या नेहमीच्या अटी शिथिल करून आत घेतले. १९३९ मध्ये प्रत्येक मुलामागे पन्नास पौंडांची हमी मागितली जाऊ लागली. सवलत मुलांपुरती होती, आईवडिलांसाठी नव्हती. त्यांतील अनेक मुलांना आपले आईवडील पुन्हा कधीच दिसले नाहीत.

१६/
१९४८ मध्ये चित्र पुन्हा पालटल्यासारखे वाटले. त्या वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांचा ब्रिटनमध्ये येण्याचा हक्क कायम राखला. युद्धोत्तर ब्रिटनला कामगारांची निकड होती. कॅरिबियन बेटे, पंजाब, गुजरात, मीरपूर, सिल्हेट येथून लोक आले. भारत सरकार मात्र सर्वांना पारपत्र देत नव्हते, ते देणे ही सरकारची मर्जी मानली जात असे. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला आणि त्याच वर्षी पारपत्र कायदा झाला. भारताचे बाहेर पडण्याचे दार अशा रीतीने उघडले.

१७/
परंतु तोवर समोरचे दार मिटू लागले होते. १ जुलै १९६२ पासून राष्ट्रकुल नागरिकांनाही नोकरीसाठी येताना व्हाउचर लागू लागले. निश्चित नोकरी असलेल्यांना ‘अ’, विशेष कौशल्य असलेल्यांना ‘ब’ आणि उर्वरितांना ‘क’ अशी प्रतवारी होती. १९६९ मध्ये ब्रिटनमधील भारतीयांच्या कुटुंबीयांना निघण्यापूर्वीच प्रवेश प्रमाणपत्र घेणे सक्तीचे झाले. हे नाव वगळता व्हिसाच होता. १९३८ मध्ये बर्लिनला गेलेली वेस आता भारतातील ब्रिटिश कचेऱ्यांच्या दारात आली.

१८/
या दरम्यान घडलेली १९६८ ची घटना इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावी. केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. तेथील अनेक भारतीय वंशाच्या कुटुंबांनी ब्रिटिश नागरिकत्व राखले. केनियात नोकरी आणि व्यापारावर निर्बंध येताच ते ब्रिटनला येऊ लागले. गृहमंत्री जेम्स कॅलहान यांनी तीन दिवसांत कायदा संमत करून घेतला. आई, वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा ब्रिटनशी जन्मादी संबंध नसेल तर ब्रिटिश पारपत्र असूनही मुक्त प्रवेश नाही. वर्षाला दीड हजार कुटुंबप्रमुखांना व्हाउचर देण्याचे ठरले. हाती ब्रिटिश पारपत्र असलेली माणसे एका विमानतळावरून दुसऱ्यावर परत पाठवली गेली. पुढे १९७३ मध्ये युरोपीय मानवाधिकार आयोगाने हा कायदा वांशिक भेदभाव करणारा असल्याचा अभिप्राय दिला.

१९/
१ जानेवारी १९७३ ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या दिवशी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले आणि त्याच दिवशी १९७१ चा इमिग्रेशन कायदा अमलात आला. एका दाराने फ्रान्स, इटली आणि जर्मनीच्या कामगारांना नोकरीसाठी येण्याची वाट मोकळी झाली. दुसऱ्या दाराने दोन महायुद्धांत ज्यांचे सैनिक ब्रिटनसाठी लढले, त्या देशांच्या नागरिकांचा जुना हक्क जवळजवळ संपुष्टात आला.

२०/
अधिकार अमर्याद झाला की तो कुठवर जातो, हे १९७९ मध्ये दिसले. लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी केली गेली. वाग्दत्त वधूला तेव्हा आगाऊ प्रमाणपत्र लागत नसे, पत्नीला लागत असे. ती खरोखर अविवाहित आहे का, ही अधिकाऱ्याची शंका होती. ‘द गार्डियन’ने हे उघडकीस आणले, भारतात संतापाची लाट उसळली आणि ही प्रथा बंद करावी लागली. हा प्रकार अपवादात्मक नव्हता, हे नंतर खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांतून स्पष्ट झाले.

२१/
सहलीला किंवा नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्या भारतीयांना मात्र अजूनही आगाऊ व्हिसा लागत नव्हता. तेही संपले. १९८३ च्या हिंसाचारानंतर श्रीलंकेतून तमिळ निर्वासित येऊ लागताच मे १९८५ मध्ये श्रीलंकेच्या नागरिकांवर व्हिसाची अट आली. राष्ट्रकुलातील देशावर अशी अट प्रथमच येत होती. ऑक्टोबर १९८६ पासून भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांचा क्रमांक लागला. अट लागू होण्याआधीच्या दिवसांत हीथ्रोवर उपखंडातील प्रवाशांची प्रचंड गर्दी उसळली. हेही नोंदवायला हवे की भारतानेही १९८४ मध्ये पंजाबमधील परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर ब्रिटिश नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला होता.

२२/
१९८७ मध्ये आणखी एक पाऊल पडले. योग्य कागदपत्रे नसलेला प्रवासी आणल्यास विमान कंपनीला प्रत्येक प्रवाशामागे हजार पौंड दंड होईल, असा कायदा झाला. परिणामी मुंबई विमानतळावर तिकीट तपासणारा कर्मचारी हाच ब्रिटनचा पहिला द्वारपाल बनला. तो ब्रिटनचा अधिकारी नाही, त्याच्यापुढे दाद मागण्याची सोय नाही आणि आश्रय मागणाऱ्याचे म्हणणे ऐकणे हे त्याचे कामही नाही. त्याला फक्त दंड टाळायचा असतो. १९०५ च्या कायद्यातील बंदरावरचे मंडळ येथे कुठेच नाही.

२३/
पुढचे टप्पे वेगाने आले. बोटांचे ठसे आले आणि अर्ज स्वीकारण्याचे काम खासगी केंद्रांकडे गेले. मुख्य भूमीवरील युरोपीय देश मात्र उलट दिशेने चालले होते : १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन गावी करार झाला आणि मार्च १९९५ पासून सहभागी देशांमधील सीमा तपासणी उठू लागली. ब्रिटन त्यात कधीच सामील झाले नाही. २०२५ पासून तर ज्या अमेरिकन आणि युरोपीय प्रवाशांना व्हिसा लागत नाही, त्यांनाही निघण्यापूर्वी मोबाइलवरून इलेक्ट्रॉनिक प्रवास अनुमती घ्यावी लागते. वेस आता प्रवाशाच्या खिशात आली आहे.

२४/
हा सारा प्रवास एकत्र पाहिला की दोन सूत्रे हाती लागतात. पहिले : जवळजवळ प्रत्येक अट एखाद्या तातडीच्या प्रसंगी, घाईने आली. १९१४ चा कायदा एका दिवसात, १९६८ चा तीन दिवसांत. प्रसंग सरला, अट बहुधा राहिली. दुसरे : प्रत्येक वेळी तपासणीची जागा ब्रिटनपासून दूर आणि प्रवाशाच्या घराजवळ सरकली. डोव्हरवर नाकारलेला माणूस वर्तमानपत्रांना दिसे, संसदेत त्याच्याविषयी प्रश्न विचारला जाई. आपल्याच शहरात नाकारला गेलेला माणूस केवळ एक फाइल असतो.

२५/
सीमा राखण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राला आहे, भारतही तो बजावतो. परंतु आजची व्यवस्था अनादि नाही. ती माणसांनी, ठरावीक तारखांना, ठरावीक माणसांच्या धास्तीने उभी केली. तिचा पुरावा आपल्या घरातही सापडू शकतो. आजोबांचे किंवा एखाद्या आत्याचे जुने भारतीय पारपत्र असेल तर ते उघडून पाहावे. ते कोणकोणत्या देशांसाठी वैध आहे, हे एकेकाळी पारपत्रावरच लिहिलेले असे. ब्रिटनचा शिक्का असेल तर तारीख पाहावी आणि तो कुठे उमटला आहे तेही : लंडनच्या विमानतळावर, की भारतातल्याच एखाद्या कचेरीत.